भाताला कान लावणारे काका

इंदूरला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या घरमालकांनी माझा गॅस बंद केला. म्हणजे सिलिंडर काढून नेला असं नाही. सकाळी ऑफिसच्या घाईत मी कुकर लावला होता, दारावर थाप पडली, मी दार उघडलं, आणि हे गृहस्थ मला ओलांडून सरळ ओट्यापाशी गेले आणि शेगडीची खुंटी फिरवून मोकळे झाले. मी हातात ओला टॉवेल घेऊन बघतच राहिले.

"खून चालून राहिलाय वरती," ते म्हणाले. "मला खाली ऐकवत नाही."

"कुणाचा खून?"

"तांदळाचा. शिट्टीवर शिट्टी, शिट्टीवर शिट्टी. काय बिघडवलंय त्याने तुझं?"

मी सांगलीची. आमच्याकडे घरमालक पाण्याच्या मोटारीवरून बोलतो, गेट लावायचं विसरलं तर बोलतो. तांदळाची बाजू घेऊन भांडायला आलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. कुकर निवेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. झाकण उघडलं तेव्हा आत वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "यात एक कण शोधून दाखव मला. एक." मी बघितलं. कण नव्हताच. खळीसारखं काहीतरी पांढरं होतं, जे मी कॉलेजपासून भात समजून खात आले होते.

"रविवारी खाली जेवायला ये," ते म्हणाले आणि निघून गेले.

राजेंद्र नगरातलं ते दुमजली घर. खाली ते एकटे आणि वर मी. वय सत्तरीच्या आसपास, काटकुळी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट कायम कडक इस्त्रीचा. पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे कॉलनी त्यांना 'सर' म्हणे. मी काका म्हणू लागले. बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. एकुलता एक मुलगा पुण्याला. घराण्यातले पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यांची एक गंजलेली तलवार दिवाणखान्यात लटकलेली असे. "त्यांनी तलवार धरली, मी झारा धरला," ते पाहुण्यांना सांगत. "पर एक सांगतो, त्यांच्यापेक्षा माझ्या हातून कमी लोक दुखावले."

हे काही खरं नव्हतं. त्यांच्या हातून रोज कुणीतरी दुखावलं जायचं.

त्या पहिल्या रविवारी मी खाली गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात शेगडीशेजारी वाकून, पातेल्याच्या कडेला कान देऊन उभे होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, चक्कर आली. मी पुढे धावले तर त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं.

"बोलू नकोस. आता बदलून राहिलाय आवाज."

मी पण ऐकायचा प्रयत्न केला. मला फक्त उकळी ऐकू आली. ते म्हणाले, आधी पाणी बोलतं, ते मोठमोठ्याने बोलतं. मग तांदूळ फुगतो आणि पाण्याचा आवाज जाड होतो. जाड झाला की कण काढून बघायचा. त्यांनी झाऱ्याने कण काढला, अंगठा आणि तर्जनीत दाबला, उजेडाकडे धरला. "मध्ये जरासा टणक आहे. बस. इथंच थांबायचं. राहिलेलं काम वाफ करते." पातेलं चाळणीत उलटं केलं, पेज खाली भांड्यात, भात पुन्हा पातेल्यात, वर घट्ट झाकण, मंद आच थोडा वेळ, मग तीही बंद. "आता कुणी झाकणाला हात लावला तर घराबाहेर काढेन." माझ्याकडे बघूनच म्हणाले.

ताटात आला तो भात बघून मी हबकले. प्रत्येक कण सुटा, लांब, आणि तरी मऊ. मी एक घास घेतला आणि साहजिकच म्हणाले, "छान झालाय काका."

त्यांनी चमचा ताटात ठेवला. "या घरात 'छान' बंद आहे."

"म्हणजे?"

"मतलब छान म्हणायचं नाही. मस्त नाही, बढिया नाही, सुपर तर बिलकुल नाही. कसा झालाय ते सांग. काय लागतंय जिभेला? आधी काय येतं, मागाहून काय येतं? वास कुठला आहे?"

आणि ते वाट बघत बसले. खरंच वाट बघत. परीक्षेला बसल्यासारखा मला घाम फुटला. मी म्हणाले, गरम आहे. ते म्हणाले, "ते मला दिसतंय." मी म्हणाले, जरा दुधासारखा वास येतोय, आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, पण फार थोडा. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "शेंगदाण्यासारखा! सालासकट की सोललेला?" मी सोललेला म्हणाले. ते उठले, आनंदाने एक येरझार घातली आणि मग जेवायला बसले. बसले आणि भातावर मूठभर शेव घातली, दोन हिरव्या मिरच्या कडाकडा चावल्या आणि ताट बघता बघता संपवलं. इतक्या जपून केलेल्या भातावर शेव! मला ते बघवलं नाही. पण इंदुरात शेव कशावर नसते? पोह्यांवर असते, उसळीवर असते, भाजीत असते.

पुढे रविवार ठरूनच गेला. कुणालाही जेवायला बोलवायचे ते. इस्त्रीवाला, पोस्टमन, समोरच्या वहिनी. सगळ्यांना हाच जाच. समोरच्या वहिनी एकदा रडकुंडीला आल्या. "सर, मी घरी चार माणसांचा स्वयंपाक करते, मला कुणी विचारत नाही कसा झाला, आणि तुम्ही मला विचारून राहिलात की डाळीच्या वासात हिंग आधी येतो की तूप?" काका म्हणाले, "मग कुठलं आधी येतं?" वहिनींनी पदराने नाक पुसलं, पुन्हा एक घास घेतला, विचार केला आणि म्हणाल्या, "तूप." "शाब्बास," काका म्हणाले.

एकदा त्यांच्याबरोबर सियागंजला गेले. किराण्याच्या त्या गर्दीत, हातगाड्या आणि हमालांच्या आरोळ्यांत, ते एका ठोक दुकानासमोर उभे राहिले आणि पोत्यात हात घालून तांदळाची मूठ कानाशी नेऊन खुळखुळवली. दुकानदार त्यांना ओळखत असावा, हसला फक्त. शेजारचं गिऱ्हाईक मात्र दोन पावलं मागे सरकलं.

"नवा आहे," काका मला म्हणाले. "जुना तांदूळ सुका असतो, तो वाजतो. हा बघ, नुसता सरकून राहिलाय."

"बाबूजी, कालीमूंछ है, ख़ुशबू तो देखो आप," दुकानदार दुसऱ्या पोत्याकडे बोट दाखवत म्हणाला.

काकांनी मूठ भरली, नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि मग तीच मूठ माझ्यापुढे धरली. "तू घे. तू सांग."

"मी काय सांगणार काका, तुम्हीच..."

"सांग ना."

मी वास घेतला. पावसानंतर गवताच्या गंजीजवळून गेल्यासारखं वाटलं, ते तसंच सांगितलं. ते बराच वेळ मुठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तोल दो भिया." मला तेव्हा वाटलं, मास्तर आहेत, जाता येता शिकवतात.

पास्ता त्यांच्या घरात कसा शिरला ते मात्र मजेचं. पुण्याहून मुलगा एका दिवाळीला पाकीट घेऊन आला होता. ते तसंच पडून राहिलं आणि काकांनी एकदा मागची बारीक अक्षरं वाचली. रवा, कठीण गव्हाचा. ते थेट माझ्याकडे पाकीट नाचवत वर आले. "हा तर आपला कठिया आहे! माळव्याचा गहू! याच्याच रव्याचे आमच्याकडे लग्नात गव्हले करत होते. बायका दुपारभर बसून नखाएवढे वळायच्या. आणि हे बघ, पाकिटावर लिहून राहिलेत इटली!" त्यांच्या मते पास्ता म्हणजे गव्हल्यांचाच भाऊबंद, परदेशी वाढला म्हणून थोडा बिघडलेला. त्याला वळण लावणं हे त्यांनी आपलं काम मानलं.

भाताच्या नियमांवरून त्यांनी पास्त्याचे नियम शोधून काढले. मोठं पातेलं, भरपूर पाणी, खळखळ उकळी. मीठ इतकं की पाणी चाखलं तर खारट लागलं पाहिजे. तेल पाण्यात अजिबात नाही, कारण तेलकट झालेल्या पास्त्यावर नंतर रस्सा टिकत नाही. टाकल्या टाकल्या हलवायचा, नाहीतर ते तुकडे एकमेकांच्या गळ्यात पडतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या थोडं आधीच एक तुकडा काढून मोडायचा. आत पांढरा ठिपका दिसला तर अजून जरासा, ठिपका जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा उरला की काढायचा. थंड पाण्याने धुवायचा नाही. आणि उकळलेलं पाणी फेकायचं नाही, तो त्याचा मांड. रस्सा कढईत तयार ठेवायचा, पास्ता त्यात टाकायचा आणि पळीभर मांड घालून आचेवर परतायचा. "शेवटची शिजवणूक रश्शात झाली पाहिजे. पाहुण्याला दारात पाणी देतो आपण, पर जेवण आत."

रस्सा म्हणजे टोमॅटो, लसूण, थोडी साखर, तेल. दुसरं काही नाही. आणि स्वतःच्या ताटात वर शेव.

हे ज्ञान घरात राहतं तर बरं झालं असतं. कॉलनीतल्या एका लग्नाच्या रिसेप्शनला आम्ही गेलो. इंदुरातल्या लग्नांत हल्ली चाटच्या शेजारी पास्त्याचा काउंटर असतोच. आचारी समोर परतून देतो. त्या आचाऱ्याने सकाळीच शिजवून, तेल चोळून ठेवलेला पास्ता मूठभर घेतला, पांढऱ्या सॉसमध्ये टाकला आणि तो तुकड्यातुकड्यांनी विरघळताना काकांनी बघितला. मी त्यांचा दंड धरला. उशीर झाला होता. ते काउंटरच्या आत गेले, सूटबूट घातलेले, हातात आहेराचं पाकीट, आणि त्यांनी आचाऱ्याच्या हातातला झारा घेतला.

"भिया, एक पातेलं पाणी उकळ."

"अंकलजी, आप बाहर..."

"मी मास्तर आहे. उकळ."

मुलीचे वडील धावत आले. कॅटररचा माणूस आला. कुणीतरी मोबाइल काढला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. काकांनी कोट काढून माझ्या हातात दिला, कच्च्या पास्त्याचं पाकीट फोडलं, पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि तुकडा मोडून त्या आचाऱ्याला ठिपका दाखवला. प्लेट घेऊन आलेल्या पाहुण्यांना दमात घेतलं, "थांबा. भूक लागली असेल तर दहीवडा खा." पहिली प्लेट त्यांनी मुलीच्या वडिलांना दिली. ते बिचारे घामाघूम झालेले, वैतागलेले. घास घेतला आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "छान आहे हो सर." मी डोळे मिटले. भर मांडवात काकांनी मुलीच्या बापाची परीक्षा घेतली. आधी काय लागतं, वास कशाचा येतो. आणि त्या माणसाने, मुलगी-जावई-व्याही बघत असताना, सांगितलं. लसणीचा, म्हणाले, पण कच्च्या नाही, जरा गोडसर झालेल्या लसणीचा, आमची आई चुलीत भाजायची तसा. काका त्यांचा हात धरून उभे राहिले. नंतर आचारी त्यांच्या घरी यायला लागला, कधीमधी, गप्पा मारायला. पण कॉलनीतल्या लग्नपत्रिका त्यानंतर कमी झाल्या.

हे सगळं मी गमतीने सांगत असे. सांगलीला आईला फोनवर, ऑफिसात चहाला. आमचे काका असे, आमचे काका तसे. त्या रविवारी सकाळी जे झालं, त्यानंतर मात्र गमतीने सांगणं मला जमेना.

मी अंघोळ करून जिन्याने खाली उतरत होते. अर्ध्या जिन्यातच वास आला. पुढच्या पायरीवर तो इतका दाट झाला की घशात खवखवलं. गॅस. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि आत धावले, तर काका स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभे, डाव्या हाताने पातेलं जरा सरकवत होते, आणि उजव्या हातात लायटर. अंगठा त्याच्यावर.

"काका! हात खाली!"

मी इतक्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ते दचकून वळले. लायटर हातातच. आणि चेहरा अगदी शांत, भाताच्या वेळेला कुणी आडवं आलं की व्हायचा तसा जरा वैतागलेला.

"अरे, काय झालं? पेज उतू गेली, आग विझली. कचरागाडी आली तर बाहेर गेलो होतो, वहिनींशी बोलत राहिलो. पेटवून राहिलोय परत."

"गॅस! वास येत नाही का तुम्हाला?"

त्यानंतरचा क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग नाक वर केलं आणि दोनदा श्वास ओढला, नाटकात ओढतात तसा. नजर माझ्यावरून हलली नाही. काय उत्तर द्यायचं ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. आणि म्हणाले, "हो हो, येतोय. थोडासा येतोय."

थोडासा! मला तिथे उभं राहवत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्यांच्या हातातून लायटर काढून घेतला, खुंटी फिरवली, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून अंगणात ओढत नेलं. कडुनिंबाखालच्या पायरीवर बसवलं. बल्बचं बटण दाबलं नाही ना कुठलं, फ्रिज चालू आहे, आता काय होईल, सगळं एकाच वेळी डोक्यात फिरत होतं. काही झालं नाही. वारा होता, घर मोकळं झालं.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

त्यांनी पायरीवरची कडुनिंबाची पानं हाताने बाजूला सारली.

"ती आणि मी एकाच दिवशी दवाखान्यात गेलो," मग ते म्हणाले. "मी परत आलो. घरी आल्यावर पहिल्यांदा भात लावला. दुसरं काय करू, समजत नव्हतं. झाकण उघडलं तर काही नाही. वाफ आहे, वास नाही. मला वाटलं, तांदूळ खराब निघाला. फेकला. दुसऱ्या डब्यातला लावला. तोही तसाच. मग हिंगाची डबी उघडली. अगरबत्ती लावली. रॉकेलची बाटली उघडली. मग तिचं कपाट उघडलं." ते थांबले. "तिच्या साड्यांना वास होता बेटा. कापूर आणि ती. डोळे बांधले तरी ओळखेन असा. मी तोंड घालून उभा राहिलो. काही नाही. नुसतं कापड."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मीठ कळतं. मिरची झोंबते. शेव कुरकुर वाजते, बरं वाटतं. बाकी सगळं पुठ्ठा. म्हणून तुम्हा लोकांना विचारतो. तुम्ही छान म्हणता ना, तर माझ्यापर्यंत काही येत नाही. तू शेंगदाणा म्हणालीस, तर मला शेंगदाणा आठवतो. तेवढंच जेवण होतं माझं."

मी इतके महिने त्यांच्यासमोर बसून जेवत होते. कान लावणं, कण दाबणं, ठिपका बघणं, मूठ माझ्या नाकापुढे धरणं. मी हसत होते त्याला, आणि तो माणूस अंधारात चाचपडत होता.

"मुलाला नाही सांगायचं," ते म्हणाले. "सांगशील तर तो मला घेऊन जाईल. घर बंद होईल. मी तिकडे फ्लॅटमध्ये काय करू? मी इथं करून-सवरून राहिलोय ना सगळं?"

"काका, तुम्ही आज मेला असता."

"हळू बोल."

"आणि मीही. मी वर झोपते. समोर वहिनींची मुलं अंगणात खेळतात. मी सांगणार नाही, तुमच्या मुलाला तुम्ही सांगायचं. पण तुम्ही नाही सांगितलं तर मी या घरात राहू शकणार नाही. मला झोप लागणार नाही."

ते उठले. बुशशर्ट झटकला आणि एरवी मला 'तू' म्हणायचे ते म्हणाले, "तुम्ही तुमचं बघा मॅडम." आणि आत गेले.

त्यानंतर खाली शुकशुकाट. जाता येता मी काका म्हणून हाक मारायची, ते मान फिरवायचे. उतू जाणाऱ्या पेजेचा, झाऱ्याचा, चाळणीचा आवाज नाही. गॅस त्यांनी पेटवलाच नाही. खिडकीतून एकदा दिसलं, टेबलाशी बसून पोह्यात पाणी घालून खात होते. मी ऑफिसातल्या मैत्रिणीला खोली बघायला सांगितली. सांगताना रडू आलं.

मग एका संध्याकाळी गेटपाशी रिक्षा थांबली आणि बॅग घेऊन एक माणूस उतरला. हुबेहूब काकांचं नाक. फोन काकांनीच केला होता.

मुलाचा आवाज मला वरपर्यंत आला. "तीन वर्षं, बाबा! तीन वर्षं तुम्ही मला सांगितलं नाही!" मग काकांनी मला खाली बोलावलं. मुलाने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही होतात तेव्हा?" मी हो म्हणाले. तो भिंतीला टेकला. मी सांगत गेले तसा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. लायटरपर्यंत आले तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवलं.

"मी दर दिवाळीला येतो," तो वडिलांना म्हणाला. "तुमच्यासमोर बसून जेवतो. मला कसं कळलं नाही?"

"मी विचारतो ना कसा झालाय. तू मस्त म्हणतोस. फोनमध्ये बघून राहिलेला असतोस, मस्त म्हणतोस."

काका रागाने बोलले नाहीत. म्हणून ते जास्त लागलं असावं. मुलगा आत गेला, सिलिंडरची नळी काढली आणि तो भरलेला सिलिंडर स्वतः उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवला. परत येऊन ओट्याला टेकून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडायला लागला. काका त्याच्याजवळ गेले नाहीत. लांबूनच म्हणाले, "अरे, जिवंत आहे मी."

घर विकायचं निघालं, मोडलं. पुण्याला न्यायचं निघालं, मोडलं. शेवटी असं ठरलं की गॅस या घरात परत येणार नाही, विजेची इंडक्शन शेगडी येईल, आणि काका पुण्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवतील. इंडक्शनचा त्यांनी मनापासून तिरस्कार केला. "हिला आवाजच नाही. चोरासारखी शिजवते." पण मान तिरपी करून त्यांनी तिचाही बारीक गुणगुणणारा आवाज शिकून घेतला. पहिला भात करपला, दुसरा कच्चा राहिला, मग जमला. मुलगा आता दर आठवड्याला फोनवर त्यांना आपल्या जेवणाचं वर्णन सांगतो. वाईट सांगतो. सगळ्याला 'घरच्यासारखं' म्हणतो. काका त्याला ओरडतात.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, डोळे मिटून, आणि तो वास मनात आणायचा. येईलच असं नाही, असंही सांगितलं होतं. काका कडुनिंबाखाली बसून हा व्यायाम करत. कॉलनीला वाटलं, प्राणायाम. दोघे-तिघे येऊन शेजारी बसायलाही लागले. पाचवी बाटली काकांनी आपल्या मनाने वाढवली, कालीमूंछ तांदळाची. महिने गेले. मी विचारणं सोडून दिलं, कारण विचारलं की ते नुसते मान हलवायचे.

परवाच्या रविवारी मी वर कपडे वाळत घालत होते आणि खालून आरोळी आली. "बेटा! खाली ये! पळत ये!"

माझ्या हातातली चादर खाली पडली. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. पुन्हा तीच पायरी, पुन्हा तोच जिना, आणि या वेळेला मला काहीच वास येत नव्हता, भाताशिवाय. आत काका पातेल्यापासून दोन हात लांब भिंतीला टेकून उभे होते. नाकावर तळहात. डोळ्यांतून धारा.

"गटार," ते म्हणाले. "कुणी गटार उघडलंय का? सडका वास येऊन राहिलाय. कचऱ्याचा. रबर जळल्यासारखा."

मी बाहेर बघितलं. कुठे काही नव्हतं. मी मोरीत बघितलं, कचऱ्याचा डबा उघडला. मग पातेल्याकडे बघितलं. त्यातून नुकत्याच वाफ जिरलेल्या भाताचा, दुधासारखा, गवतासारखा वास येत होता.

"काका," मी म्हणाले, "हा भात आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे. एक पाऊल पुढे आले, वाकले, श्वास घेतला आणि उमासा येऊन मागे झाले.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असं होतं. नाकाच्या नसा जाग्या होतात तेव्हा चुका करतात, चांगला वास घाण म्हणून ओळखतात. पुढे सुधारेल कदाचित. कदाचित असाच राहील. मी स्पीकरवर ठेवलं होतं, काकांनी सगळं ऐकलं. ज्या माणसाने आयुष्यभर भातावर जीव टाकला, त्याला वास परत आला तो असा? मी धावत जाऊन रुमाल आणला आणि त्यांच्या नाकाला लावायला गेले.

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे."

"काका, तुम्हाला त्रास होतोय."

"होऊ दे. घाण आहे, पर येतोय." त्यांनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली, झाकण पूर्ण बाजूला सारलं आणि सगळा चेहरा त्या वाफेत घातला. उमासा आला, खोकले, मागे झाले, बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा वाकले.